ग्रीन कार्डाच्या रांगेत डॉक्टरकी

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या यशाच्या बातम्या आपण आवडीने छापता. ती कुठे अडतात, तेही कधी छापा.

माझी लेक चार वर्षांची असताना सांगलीहून न्यू जर्सीला आली. सारं शिक्षण इथलंच. आता एमकॅट ही इथली मेडिकल प्रवेशपरीक्षा देऊन मेडिकलचे अर्ज भरायला बसली, तर बरीच सरकारी कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. आमच्यासारखा 'ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित' याला तिथे किंमत नाही. काही खासगी कॉलेजं घेतात, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. काही तर चारही वर्षांचे पैसे आधी दाखवा म्हणतात. नोकरदारांच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. त्यात मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून गळण्याची टांगती तलवार.

नणंदबाई म्हणतात, 'नीट देऊन मिरजेला घाल की!' इथली पदवी घेतलेल्या मुलीने पुन्हा साडेपाच वर्षं?

पालकांनो, अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचा नियम लेखी विचारून घ्या.

– एक आई, एडिसन, न्यू जर्सी