पाण्याच्या रांगेतली पोरं सिनेमा करताहेत : हंडे द्या, हातभार लावा

सर्व सभासद, हितचिंतक व माजी विद्यार्थी,
स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाच्या विद्यार्थी चित्रपट गटाने यंदा आपल्याच लातूरची गोष्ट हाती घेतली आहे. १२ एप्रिल २०१६. मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आपल्या स्टेशनात आली तो दिवस. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. तेव्हा देशभरचे कॅमेरे आले आणि आपल्याला टिपून गेले. आईचा पदर धरून त्या रांगांत उभी राहिलेली पोरं आता स्वतः कॅमेरा लावणार आहेत. लघुपट साधारण १८ मिनिटांचा. गाडी येण्याच्या आदल्या दिवसाची, एका गल्लीतली गोष्ट. याहून जास्त सांगितलं तर पोरं माझ्यावर रुसतील.

हा गट कुणाच्या जिवावर उभा राहिला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोंढ्यातल्या आपल्या आडत्या काकांनी सोयाबीनचे भाव पडलेल्या वर्षी प्रोजेक्टर घेऊन दिला आणि त्यावर नावाची पट्टीसुद्धा लावू दिली नाही. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनच्या फरकातून माईक दिला. वाऱ्याची घरघर अडवायला त्यावर केसाळ टोपडं लागतं, ते त्यांनी नातवाचं जुनं टेडी उसवून स्वतः शिवलं. आजही तोच माईक, तेच टोपडं. सभागृहाचे काळे पडदे टेलर मामांनी शिवले आणि फक्त दोऱ्याचे पैसे घेतले. आठवडी बाजारावरची आपली पहिली फिल्म अंगणात दाखवली, तेव्हा बसायला पोती अंथरावी लागली होती. ही माणसं नसती तर आज हे पत्रही नसतं.

आता थोडं मनातलं. मागच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात ढिगाने आले, पावतीपुस्तक मात्र कोरंच राहिलं. 'नीटची तयारी सोडून पोरांना हे कसले नाद लावता?' असंही ऐकून घेतलं. लातूर पॅटर्नचा अभिमान आम्हालाही आहे. म्हणूनच शूटिंग परीक्षेनंतर ठेवलंय आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घेतलीय.

तयारीत पोरांनी कसूर ठेवलेली नाही. संहिता पक्की आहे, शॉट लिहून झालेत, गल्ली ठरली आहे. दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं ते वहीत मांडून ठेवलंय. दुपारची रांग दुपारीच घ्यायची, हा तिचा हट्ट. ज्येष्ठ मंडळींनी टोप्या घालून यावं. स्टेशनात शूटिंग म्हणजे रेल्वेची परवानगी आणि शुल्क, म्हणून गाडी दाखवायचीच नाही असं ठरलं. नुसता भोंगा ऐकू येईल आणि गल्लीतल्या माणसांचे चेहरे दिसतील. खिसा रिकामा म्हणून सुचलेली युक्ती, पण मला विचाराल तर गाडी दाखवण्यापेक्षा हेच भारी. रिफ्लेक्टर थर्माकोलचे केलेत. टँकरचं पाणी प्रत्येक टेकनंतर पुन्हा टँकरमध्येच ओतायचं, अशी मुलांनी आपणहून शपथ घेतली आहे.

अडलंय ते सामानावर. रांग नव्या चकचकीत हंड्यांची चालत नाही. गंजगोलाईतले भांडीवाले पाहिजे तितके नवे हंडे उसने द्यायला तयार आहेत, पण आम्हाला हवेत पोचे गेलेले, बुडाला डांबर लावून गळती थांबवलेले. त्या वर्षी रांगेत आपला हंडा ओळखू यावा म्हणून ऑइलपेंटने नाव घातलेले कुणाच्या माळ्यावर असतील, तर ते आधी हवेत. निळे ड्रम, कॅन, एप्रिल २०१६ चं पान असलेलं भिंतीवरचं कॅलेंडरही चालेल. सगळं नोंद करून घेऊ आणि जसंच्या तसं परत करू.

खर्च : कॅमेरा-लेन्स भाडे १६,०००, ध्वनिमुद्रण १०,०००, ३० जणांचं ४ दिवसांचं जेवण १४,४००, दिवे व जनरेटर ८,०००, टँकर व गाडीभाडे ६,०००, दोन हार्डडिस्क ९,६०० (चित्रण दोन ठिकाणी ठेवावंच लागतं), एकूण ६४,००० रुपये. जमा २६,५००, तूट ३७,५००. रोख, चेक (वाचनालयाच्या नावे) किंवा टेबलावरचा क्यूआर कोड, वेळ सायंकाळी ५ ते ८, सोमवारी बंद, पावती घ्यावीच. एप्रिलअखेरपर्यंत दिल्यास बरं, कॅमेऱ्याची आगाऊ रक्कम तेव्हाच भरायची आहे. पैसे जमत नसतील त्यांनी एका वेळच्या भाकरी-पिठल्याचं बघावं. रांगेत उभं राहायला माणसंही हवीत, विशेषतः बायका. शूटिंग मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून ४ दिवस.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कार्यवाह

ता. क. : आवाज जागेवरच रेकॉर्ड होणार आहे, नंतर डबिंग नाही. तेव्हा गल्लीतल्या घरांनी 'साउंड' अशी हाक आली की टेक संपेपर्यंत कूलर बंद ठेवावा. मे महिन्यात हे मागणं जड आहे, कल्पना आहे. मठ्ठ्याची सोय आम्ही करू.