लीक बघायला पाइपावर हात फिरवू नका

संपादक साहेब, नमस्कार,

मी गोव्यात डिचोली भागात पोकलेन-जेसीबीची रिपेरिंगची कामं करतो. खाणी 2012 ला बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 ला परत बंद, आता 2024 पासून एकेक चालू होतेय, म्हणून इतकी वर्षं पत्र्याखाली नाहीतर उघड्या पावसात उभ्या असलेल्या मशिनी लोक बाहेर काढतायत. नवी बॅटरी लावतात, डिझेल घालतात आणि सेल मारतात, हायड्रॉलिक ऑइल (ज्याच्या प्रेशरवर मशिनीचा हात आणि बकेट हलते ते) आणि त्याचे पाइप कोणी बघतच नाही.

आपल्याकडची दमट हवा या ऑइलच्या टाकीत जाते, टाकी गार झाली की आतून पाणी सुटतं आणि तळाला बसतं. तशीच मशीन चालवली की ऑइल दुधासारखं पांढरट होतं आणि मग पंप खराब झालाच समजा. चालू करायच्या आधी टाकीचा ड्रेन ढिला करून बघा, पाणी असेल तर तेच आधी येतं.

पण पंप नवा घेता येतो, बोट येत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पोराने, वय जेमतेम 23, चालू मशिनीत लीक कुठे आहे ते बघायला पाइपावरून हात फिरवला. टाचणी टोचल्यासारखं झालं, एक लाल ठिपका, रक्त पण नाही, त्यामुळे तो दिवसभर काम करत राहिला आणि मी पण त्याला जाऊ दिलं नाही, हे मला अजून खातं. रात्री बोट वांग्यासारखं सुजलं. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता, बोटाची दोन पेरं गेली.

गाडीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, पोकलेनच्या पाइपात 300 बारच्या वर प्रेशर जातं. सुईएवढ्या भोकातून सुटलेली धार डोळ्याला दिसत नाही पण कातडी फोडून आत शिरते आणि ऑइल बोटातून तळहातापर्यंत पसरतं, सुरवातीला दुखत पण नाही. ऑपरेशन करून ते साफ करावं लागतं आणि ते पण काही तासांच्या आत.

म्हणून लीक बघायचा तर लांब पुठ्ठा धरा, हात नको. पाइप खोलताना बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून प्रेशर सोडा. पाइपावर बनवल्याची तारीख छापलेली असते, खाणी बंद पडायच्या आधीचा असेल तर दिसायला चांगला असला तरी बदला. आणि टोचलं तर मलम लावत बसू नका, सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा, प्रेशरचं ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा, ऑइलच्या डब्याचा फोटो दाखवा.

खाणींवर सेफ्टी वीक होतो तेव्हा हेल्मेट-बुटांबरोबर हे पण पोरांना दाखवा अशी माझी खाणवाल्यांना आणि ठेकेदारांना विनंती आहे.

एक मेकॅनिक, डिचोली