ती ओळ खोडल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

मूत्राशयाच्या जुनाट दाहावरच्या आमच्या माहितीपुस्तिकेचा कच्चा मसुदा तुम्ही शब्दन्‌शब्द वाचलात. ‘रोज किगल व्यायाम करा’ या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारलीत आणि समासात लिहिलंत, ‘आधी सैल सोडायला शिकवा.’ हे पत्र मुख्यतः त्या रेघेसाठी. उघडपणे लिहितोय, कारण तोच सल्ला अजून पुष्कळ ठिकाणी दिला जातो.

शिंकताना, खोकताना लघवी गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा हा किगल व्यायाम उपयोगी पडतो. दाहाच्या रुग्णांत मात्र हे स्नायू बहुधा आधीच आवळलेले असतात. कळ सोसताना शरीर ते नकळत धरून ठेवतं. धरलेला स्नायू दुखायला लागतो, आणि त्याची वेदना मज्जारज्जूच्या अगदी खालच्या, सेक्रल २ ते ४ या भागात पोचते. मूत्राशयाचे निरोपही तिथेच येतात. कळ नेमकी कुठली, हे मग मेंदूला वेगळं काढता येत नाही. अशा वेळी आणखी आवळायला सांगणं म्हणजे दुखण्यात भर घालणं.

नसांवरचं प्रकरण तर तुम्ही जवळजवळ नव्यानेच लिहायला लावलंत. निरोगी मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, आणि ती ताण ओळखणाऱ्या आवरणयुक्त बारीक नसांमार्फत वर जाते. त्यांच्या शेजारच्या, आवरण नसलेल्या ‘सी’ नसा एरवी बहुतेक गप्प असतात. दाह लांबला की त्या जाग्या होतात आणि थोड्याशा लघवीलाही कळ म्हणून वर कळवू लागतात. शिवाय त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी हे रसायन मूत्राशयाच्या भिंतीतच सुटतं. त्याने रक्तवाहिन्या फुगतात, भिंतीला सूज येते, मास्ट पेशी (ॲलर्जीत सूज आणणाऱ्या पेशी) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि ते हिस्टामिन पुन्हा त्याच नसांना डिवचतं. थोडक्यात, नस बातमी तर देतेच, वर आगीत तेलही ओतते. म्हणूनच लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत तरी जळजळ खरी असते. कल्चर स्वच्छ असताना अँटिबायोटिकचा कोर्समागून कोर्स घेऊन हे चक्र थांबत नाही.

पाण्याबाबतही तुमचं बरोबर होतं. सारखं जावं लागतं म्हणून रुग्ण पाणी तोडतात. लघवी दाट होते, आणि मूत्राशयाचं आतलं संरक्षक अस्तर विरळ झालेलं असेल तर त्यातलं पोटॅशियम झिरपून नसांपर्यंत जातं. आता पुस्तिकेत लिहिलंय: लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी दिवसभर घोटाघोटाने प्या, एका दमात अर्धा लिटर नको.

लघवीच्या वेळापत्रकाची पद्धत तर जशीच्या तशी तुमचीच घेतली आहे. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजायची. वेळ, मिलिलिटर आणि ० ते १० मध्ये वेदना लिहायची. नेहमीचं अंतर ४५ मिनिटांचं असेल तर पहिला आठवडा ४५ च ठेवायचा, मग दर आठवड्याला १०–१५ मिनिटं वाढवायची. मधेच घाई आली तर पळायचं नाही. बसायचं, टाचा जमिनीला टेकवायच्या, जबडा सैल सोडायचा, ४ सेकंद श्वास आत आणि ६ सेकंद बाहेर, असं पाच-सहा वेळा. श्वास घेताना पोट पुढे येतं तेव्हा तळाचे स्नायू आपोआप खाली उतरतात. घाईची लाट ओसरली की सावकाश उठायचं. बिघडतं ते उत्साहात: कुणी एकदम अर्धा तास वाढवतं, कुणी कळ मारून तासभर धरून बसतं. आधी वेदना आटोक्यात, मग अंतर. त्रास उसळला तर एक पायरी मागे यायचं, त्यात कमीपणा नाही.

अमिट्रिप्टिलिन या मूळच्या नैराश्यावरच्या औषधाच्या परिच्छेदात ‘हे मनाच्या आजाराचं औषध म्हणून दिलेलं नाही’ हे वाक्य तुम्ही घातलंत, ते फार गरजेचं होतं. डॉक्टर सहसा रात्री १० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात, ते नसांची संवेदना उतरवण्यासाठी. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, बद्धकोष्ठ होतो. त्यातला बद्धकोष्ठ वेळीच आवरावा, कारण आतड्याच्या आणि मूत्राशयाच्या नसा मज्जारज्जूत शेजारीच भेटतात. एक चिडलं की दुसरं चिडतं.

एका ठिकाणी मात्र आम्ही तुमचं ऐकलं नाही. मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवरच्या हनर व्रणांचा परिच्छेद लांबतोय म्हणून तुम्ही काढायला सांगितला होता, तो ठेवलाय. गाय हनर यांनी १९१५ साली वर्णन केलेले हे व्रण थोड्याच रुग्णांत असतात, पण त्यांच्यात आजार भिंतीतच उघडा दिसतो आणि दुर्बिणीतून व्रण जाळल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो. सगळा दोष नसांवर टाकला तर हे रुग्ण सुटून जातील. लघवीतून रक्त गेलं तर तपासणी लांबवू नका, ही ओळही त्याच परिच्छेदात ठळक केली आहे.

सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे. लाल पेन पुन्हा हाताशी ठेवा. श्वासाच्या व्यायामाची आकृती आमच्या मते अजून नीट जमलेली नाही.

आपले,
पुस्तिकेचे संपादक