खुर्ची खिडकीकडे वळवल्याबद्दल

स. न. वि. वि.

तुमचे नाव कुठेही छापू नये, असे आमचा मेल-सर्व्हर दुरुस्त करून निघताना तुम्ही जिन्यातच बजावलेत आणि मी कारण विचारेपर्यंत तुमची स्कूटर सुरूही झाली होती. म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण एवढेच की, ज्यांची मेल गेल्या वर्षभरात आमच्या सर्व्हरने परस्पर गिळली, त्या लेखकांना आणि वर्गणीदारांनाही कळावे की हा घोळ कसा झाला आणि तो कोणी निस्तरला.

सुरुवात एका पोस्टकार्डाने झाली. चिपळूणचे आमचे एक जुने लेखक आहेत, वय ऐंशीच्या पुढे, मोबाईलवर मराठी लिहायला सत्तरीनंतर शिकलेले. त्यांच्या थरथरत्या अक्षरात चारच वाक्ये होती : 'लेख तीनदा मेलने पाठवला. नापसंत असल्यास तसे कळवावे, वाईट वाटणार नाही. मौन मात्र नसावे. कळावे.' दिवाळी अंक काढणाऱ्या माणसाला लेख साभार परत करतानाचे ओशाळेपण सवयीचे असते, पण जो लेख हातातच आला नाही त्याबद्दल माफी कशी मागायची, हे मला कळेना. मी इनबॉक्स धुंडाळला, जंक फोल्डर धुंडाळला, आणि दोन्हीकडे काहीच नव्हते. मेल परत आल्याची सूचना त्या लेखकांनाही गेलेली नव्हती.

तुमच्याआधी ज्यांना आम्ही बोलावले होते त्यांचे नाव घेत नाही, कारण कोल्हापूर लहान आहे. लॉटरी, कर्ज आणि औषधांच्या मेलने कार्यालयाची खाती तुंबली, ही आमची तक्रार होती. त्यांनी पंधरा मिनिटांत काम फत्ते केले आणि बिलात स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रणालीच्या 'वार्षिक परवान्या'चे वेगळे पैसे लावले. २००१ साली जस्टिन मेसन यांनी लोकांपुढे ठेवलेली आणि पुढे अपाची फाउंडेशनकडे गेलेली ही प्रणाली कोणालाही फुकट मिळते, हे मला तुमच्यामुळे कळले; तुम्ही सांगितलेत म्हणून नव्हे, तर ते बिल पाहून तुम्ही काही न बोलता उलटे करून ठेवलेत म्हणून. पोस्टकार्ड आल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा "पण काका, स्पॅम बंद झाला की नाही?" एवढेच त्यांनी विचारले. झाला होता खरा. विहीर बुजवली की गढूळ पाणी येत नाही, तसा तो बंद झाला होता.

तुम्ही मात्र त्या शनिवारी बसल्या बसल्या पहिला प्रश्न उलटा विचारलात : "यायला हवं होतं आणि आलं नाही, असं काय आहे?" मी ते पोस्टकार्ड पुढे केले. तुम्ही ते वाचून नीट मांडीवर ठेवलेत, सर्व्हरच्या नोंदवहीत त्या पत्त्याचा शोध घेतलात, आणि तीन ओळी सापडल्या. तिन्हीत 'स्पॅम' असा निवाडा होता आणि पुढे कंसात आकडे होते : २.८/२.०. म्हणजे त्या मेलला संशयाचे २.८ गुण मिळाले आणि आमच्याकडची मर्यादा होती २. ही मर्यादा मुळात ५ असते. ती कोणी खाली आणली हे सांगायला नको. मर्यादा ओलांडलेली मेल जंकमध्ये न टाकता थेट नष्ट करावी, अशी व्यवस्थाही त्यांनीच लावून ठेवली होती. त्यामुळे लेख गेला आणि नोंद तेवढी उरली.

ते २.८ गुण कशाचे, हे तुम्ही दाखवलेत तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि मग गप्प झालो. सर्व्हरवर 'चालणाऱ्या भाषा' सांगणारी एक ओळ होती आणि तीत फक्त इंग्रजी होती. मराठी दिवाळी अंकाच्या सर्व्हरला मराठी ही नकोशी भाषा असल्याचे कोणीतरी लेखी कळवून ठेवले होते, आणि त्या बिचाऱ्याने आज्ञा पाळली होती. मग बाकीचे मराठी लेख आमच्यापर्यंत पोहोचत कसे होते, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तर आणखी बोचरे निघाले. बहुतेक लेखक फाइल जोडतात आणि वर 'लेख पाठवत आहे' एवढेच लिहितात. मजकूर इतका तोकडा असला की त्याची भाषा ओळखण्याच्या फंदात ही प्रणाली पडत नाही. ज्यांनी सगळा लेख मन लावून मेलमध्येच लिहिला, नमस्कारापासून सहीपर्यंत शुद्ध मराठीत, त्यांचीच गच्छंती झाली.

मुळात स्पॅम एवढा का वाढला होता, हेही तुम्ही त्याच दुपारी शोधलेत. स्पॅमहाउससारख्या संस्था कुख्यात सर्व्हरांच्या याद्या ठेवतात आणि आपला सर्व्हर प्रत्येक मेलगणिक त्यांना विचारणा करतो. आमची विचारणा मात्र गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरची नावे शोधून देणाऱ्या सेवेमार्फत, जात होती, आणि अशा वाटेने येणाऱ्याला स्पॅमहाउस यादीतून उत्तर देत नाही. आमचा पहारेकरी गेले वर्षभर उत्तर न देणाऱ्याला विचारत बसला होता, आणि स्पॅम आत येतो म्हणून आधीच्या तज्ज्ञांनी दारच अरुंद केले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय! नावे शोधण्याचे काम सर्व्हरने स्वतःच करावे, एवढी दुरुस्ती तुम्ही केलीत. पुढचे तांत्रिक तपशील मी लिहीत नाही. ते मला पुरते कळलेले नाहीत आणि या पत्राचे कारणही ते नव्हे.

कारण पुढच्या दोन शनिवारचे आहे. फिल्टरचा बेझच्या पद्धतीने, म्हणजे दाखवलेल्या उदाहरणांवरून, शिकणारा भाग चालू करायचा तर त्याला किमान २०० चांगल्या आणि २०० वाईट मेल दाखवाव्या लागतात, त्याशिवाय तो तोंड उघडत नाही, हे तुम्ही सांगितलेत. वाईट मेलला तोटा नव्हता. चांगल्या निवडण्याचे काम तुम्ही एकट्या तासाभरात उरकू शकला असता, कारण सर्व्हरच्या सर्व किल्ल्या तुमच्या हातात होत्या. पण तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे चांगलं काय, हे तुम्हीच ठरवायचं. मी फक्त शेजारी बसते." मग मी एकेक मेल उघडू लागलो आणि तुम्ही वहीत रेघा मारून मोजू लागलात.

वर्गणी, मुद्रिते, जाहिरातींचे दर असे चालले होते. मध्येच एका वर्गणीदाराच्या पत्नीची मेल उघडली. पती गेल्याचे आणि अंक आता बंद करावा असे तिने कळवले होते. पुढे तिने दोन परिच्छेद त्यांच्याविषयी लिहिले होते. मी वाचत राहिलो. वाचून झाल्यावर पाहिले तर तुमची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती आणि तुम्ही राजारामपुरीच्या रस्त्यावर उसाच्या रसाचा गाडा बघत होतात. मला वाटले, कंटाळा आला असेल. थोड्या वेळाने माझ्या धाकट्या भावाची, घराच्या वाटणीवरून चार वाईट शब्द असलेली मेल आली, आणि चाकांचा तोच बारीक आवाज झाला. तिसऱ्यांदा माझाच एक वैद्यकीय तपासणीचा अहवाल उघडला तेव्हा मला उमगले, की तुम्ही विषयाची ओळ वाचताच ओळखत होतात आणि मजकूर उघडण्याआधीच पाठमोऱ्या होत होतात. "झालं, काका?" असे विचारून, माझा होकार आल्यावरच तुम्ही पुन्हा पडद्याकडे वळायचात. याविषयी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि मीही काढला नाही.

ज्या माणसाच्या हाती रूटचे, म्हणजे सर्व्हरवरचे सर्वोच्च, अधिकार आहेत, तो आपले प्रत्येक पत्र घरी बसून, आपल्या नकळत वाचू शकतो. आधीच्या तज्ज्ञांकडे ते अधिकार वर्षभर होते, पासवर्ड त्यांनी व्हॉट्सॲपवर मागवला होता, आणि मला त्याचे काही वाटले नव्हते. तुम्ही खुर्ची वळवलीत तेव्हा मला पहिल्यांदा त्या वर्षाची लाज वाटली. शेवटच्या दिवशी तुम्ही नवा पासवर्ड मलाच टाकायला लावलात, तेव्हाही तुम्ही खिडकीतच होतात. हुशार माणसे या धंद्यात पुष्कळ असतील. जे उघडता येते ते न उघडणारी माणसे किती आहेत, हे मोजायची सोय नाही, कारण ती काही नोंद मागे ठेवत नाहीत.

चहा पिताना तुम्ही सांगितलेली २०१०ची गोष्ट मी आता भेटेल त्याला ऐकवतो. स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता, की मेलवरची तारीख फार पुढच्या वर्षाची असली तर संशय घ्यावा. आणि 'फार पुढचे' म्हणजे २०१० व त्यानंतरचे, असे नियम लिहिणाऱ्याने धरले होते. मग खरोखरच १ जानेवारी २०१० उजाडली आणि जगभरच्या साध्यासुध्या मेलला त्या दिवशीची तारीख असल्याबद्दल गुण मिळू लागले. "म्हणून काका, रोज सकाळी एकदा जंक बघत जा," असे तुम्ही म्हणालात. मी बघतो. आता काहीही नष्ट होत नाही, मर्यादा ५वर आहे, मराठीला आमच्या सर्व्हरवर राहायची परवानगी आहे, आणि 'तुमचे डोमेन आज संपत आहे' असे धमकावणारी एखादी मेल अजूनही इनबॉक्समध्ये शिरते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चिपळूणचा लेख चौथ्यांदा आला, पोहोचला, आणि तो या वर्षी अंकात पहिला आहे.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी जंकमध्ये तुमचीच मेल सापडली. तिला १००० गुण होते! फिल्टर जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी जीट्यूब नावाची जी अर्थहीन अक्षरांची माळ पाठवतात, ती वर होती, आणि खाली तुम्ही लिहिले होते : 'काका, ही इनबॉक्समध्ये दिसली तर मला फोन करा. मानधन नको, अंक पाठवा.' ती मेल मी जंकमधून हलवलेली नाही. अंक मात्र निघाला आहे, आणि तो कुरियरने न पाठवता मी स्वतः घेऊन येत आहे.

आपला,
एका दिवाळी अंकाचा संपादक, कोल्हापूर