बाबांच्या घड्याळातला लाल काटा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, पंच्याहत्तरीला ओमेगा सीमास्टर घ्यायचं ठरलं होतं, ते मी घेतलं नाही. त्याऐवजी सिको 5 चं काळ्या डायलचं जीएमटी, म्हणजे दुसऱ्या गावची वेळही दाखवणारं घड्याळ मागवलंय, शनिवारी नौपाड्याच्या घरी येईल. पैशांकडे बघून केलं असं मनात आणू नका.

सीमास्टर उत्तमच आहे. 300 मीटर पाण्यात टिकतं, दिवसाला फार तर पाच सेकंद पुढे जातं. सिकोला कंपनीच दिवसाला 45 सेकंद पुढे किंवा 35 मागे एवढी मुभा देते. पण सीमास्टरची चावी आट्यांची असते. चहानंतर तुम्ही एचएमटीला देता तशी रोज चावी द्यायची, तर आधी आटे सोडवायचे, मग चावी द्यायची, मग ती दाबून धरून पुन्हा आटे बसवायचे. तिरके बसले की झिजतात आणि पाणी आत जातं. तुमच्या अंगठ्याला आता शर्टाचं वरचं बटणसुद्धा जड जातं, बाबा. सिकोच्या चावीला आटे नाहीत. चावी द्यायला जागेवरच फिरवायची, वेळ लावायला नुसती ओढायची आणि दाबायची. सीमास्टरच्या दहाच्या आकड्याजवळची ती हेलियम वायू बाहेर सोडायची झडपही दिवसचे दिवस दाबाच्या कोठीत राहणाऱ्या पाणबुड्यांसाठी असते. तलावपाळीच्या फेऱ्यांना सिकोचे 100 मीटर भरपूर झाले.

खरं कारण लाल काटा. तो 24 तासांत एकच फेरी घालतो. इथल्या, ॲडलेडच्या वेळेवर लावून ठेवला की कडेच्या 24 आकड्यांवर माझी वेळ दिसते, बोटांवर मोजायला नको. आपल्यात फरक पूर्ण तासांचा, म्हणून मिनिटकाटा दोघांना एकच चालतो. मी लंडनला असते तर दर वेळी अर्धा तास मनात वजा करावा लागला असता.

वर्षातून दोनदा तो काटा हलवायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळं तासभर पुढे जातात आणि चार तासांचा फरक पाच होतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत चार. चावी एकच टक ओढा. एकीकडे फिरवली की तारीख बदलते, दुसरीकडे फिरवली की लाल काटा तासातासाने सरकतो. हे सकाळीच करायचं. रात्री नऊ ते पहाटे चार तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा जोर लावला तर दाते मोडतात. आई, तू शेजारी बस, त्यांना घाई असते.

पोलादी पट्टा जड आहे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे तुमच्या मनगटावर लगेच काळंनिळं होतं. म्हणून 22 मिलिमीटरचा नायलॉनचा पट्टा सोबत येतोय. पावसाळ्यात घामाने वास आला तर साबणाने धुता येतो. गोखले रोडवरच्या आपल्या घड्याळजीकडून बदलून घ्या, घरी सुरीने पिना काढू नका. आंघोळीला घड्याळ काढून ठेवायचं. कढत पाण्याने आतली रबरी रिंग लवकर कडक होते. रेडिओच्या स्पीकरवर ठेवायचं नाही. लोहचुंबकाने केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. सीमास्टरला त्याचं काही वाटत नाही, याला वाटतं. तारखेवर भिंग आहे, चष्मा शोधायला नको. काढून ठेवलंत तरी 41 तास चालेल. रेडिओची वेळ तुम्ही ऐकताच, आठवड्यातून एकदा त्यावर लावून घ्या.

उरलेल्या पैशांतून न्हाणीघरात आधाराचे दोन दांडे बसतील. बुधवारी माणूस येईल. आई, “कशाला उगाच” म्हणून त्याला परत पाठवू नकोस गं.

आणि बाबा, मार्चमध्ये आई पडली तेव्हा मी झोपले असेन म्हणून तुम्ही माझी सकाळ व्हायची वाट बघत बसलात. तसं पुन्हा करायचं नाही. लाल काटा दोनवर असो की तीनवर, फोन लावायचा. माझा फोन उशाशी असतो, आवाज पूर्ण मोठा.

तुमची,
छोटी