सोनोग्राफी का टाळायची नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "रक्तातलं एएफपी नॉर्मल आलंय, आता यकृताची सोनोग्राफी कशाला?" मी चिडून फोन ठेवला. चुकलंच माझं. दिवसभर प्रयोगशाळेत यकृताच्या गाठींची जनुकं बघते आणि घरच्यांना चार वाक्यांत समजावता येत नाही, म्हणजे काय!

बाबा, यकृताच्या कर्करोगासाठी रक्तात तपासतात ते एएफपी हे खरं तर गर्भातल्या बाळाच्या यकृताचं प्रथिन. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होतं. त्याचं जनुक कुठे जात नाही, पेशीतच असतं. झेडबीटीबी20 नावाचं एक प्रथिन त्याच्यावर पहारा देतं. हे प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांचं यकृत मोठेपणीही एएफपी बनवत राहतं. कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा अशाच बालपणात परततात आणि एएफपी रक्तात उतरतं. 1963 मध्ये अबेलेव्ह या शास्त्रज्ञांनी ते यकृताची गाठ असलेल्या उंदरांत पाहिलं. तुमच्या रिपोर्टातल्या आकड्याचं मूळ तिथलं.

पण प्रत्येक गाठ याच वाटेने जात नाही. सुमारे 60 टक्के गाठींत, पेशीला म्हातारं होऊ न देणाऱ्या टर्ट या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात बदल सापडतो. जनुक धड असतं, बटण मात्र चालूच राहतं आणि पेशी म्हातारी व्हायची विसरते. हेपॅटायटिस बीचा विषाणू तर कधीकधी आपला डीएनए नेमका टर्टच्या शेजारी नेऊन घुसवतो. हे सगळं होऊनही एएफपीवरचा पहारा शाबूत राहू शकतो. म्हणजे गाठ आहे आणि आकडा नॉर्मल! तुम्ही हेपॅटायटिस बीची गोळी रोज घेता, त्याने धोका कमी होतो, पण संपत नाही.

आई, तू विचारलंस, गाठीतल्या जनुकांवरून पेशंटचं पुढे काय होणार ते कळतं का? थोडंफार. मिर-122 नावाचा इवलासा आरएनए निरोगी यकृतात भरपूर असतो आणि इतर जनुकांना आवरून धरतो. ज्या गाठींत तो घटतो, त्या जास्त पसरताना दिसतात. (असे आरएनए पहिल्यांदा सापडले मिलिमीटरभर लांबीच्या जंतात, 1993 मध्ये. त्यासाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं.) जी गाठ यकृताची ओळख टिकवते ती सहसा सावकाश वाढते, जी पार गर्भासारखी होते ती दांडगी निघते. पण हा शेकडो पेशंटांचा एकत्र हिशेब. एका माणसापुढे बसलेला डॉक्टर अजूनही गाठीचा आकार, संख्या, ती रक्तवाहिनीत शिरली का आणि उरलेलं यकृत कसं चालतंय, हेच आधी बघतो. लहान असताना सापडली तर कापता येते, जाळता येते, प्रत्यारोपणाचाही विचार होतो. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी त्यासाठी.

पुढची तारीख कधीची आहे ते आईने कळवावं. बाबांनी नव्हे.

तुमची,
धाकटी