148 च्या फ्रेममध्ये 142 चं चाक, आणि उरलेल्या जागेत वॉशर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि हे पत्र ज्यांच्या टेबलापर्यंत बहुधा जाणार नाही ते संचालक)

विषय : माझ्या पसंतीने बांधून घेतलेल्या माउंटन बाइकमध्ये चुकीचं मागचं चाक बसवून ते लपवल्याबद्दल.

आज दुपारी पाऊण वाजता तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातवं बोलणं संपलं. संपलं म्हणजे पलीकडून फोन ठेवला गेला. म्हणून आता लेखी.

2 जूनला तुमच्या अंधेरीच्या दुकानात तुमच्याच माणसासोबत दीड तास बसून मी ही सायकल भागाभागाने ठरवली. अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (मागे शॉक नसलेली) फ्रेम, पुढे 140 मिलिमीटर दबणारा फोर्क, 29 इंची ट्यूबलेस चाकं, पेडलचा क्रँक, मागे 10-51 दात्यांची बारा गिअरची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), 31.6 मिलिमीटरचा ड्रॉपर पोस्ट (सीट वर-खाली करता येणारा दांडा), दोन्ही चाकांना 180 मिलिमीटरचे रोटर, म्हणजे ब्रेकच्या तबकड्या. एकूण 1,68,500 रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. वायदा चार आठवड्यांचा. सायकल हातात आली 21 ऑगस्टला, म्हणजे अकराहून अधिक आठवड्यांनी. त्याबद्दल मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. परदेशातून माल येतो, उशीर होतो, पावसाळ्यात तशीही ट्रेलवर जायची घाई नव्हती. आज मात्र वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

फ्रेमचं मागचं माप 148 बाय 12 आहे, म्हणजे चाकाच्या हबसाठी (मधल्या तुंब्यासाठी) 148 मिलिमीटर जागा आणि 12 मिलिमीटरचा अ‍ॅक्सल. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या कॅटलॉगमध्ये छापलेलं आहे. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘मागचं हब’ या रकान्यातही 148 आहे, आणि ते तुमच्या माणसाच्या अक्षरात आहे. 148 चं हे माप, ज्याला बूस्ट म्हणतात, बाजारात येऊन दहा वर्षं होऊन गेली. गल्लीतल्या पंक्चरवाल्याला ते ठाऊक नसेल तर समजू शकतो. तुम्ही मात्र त्याच मापाच्या फ्रेम विकता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे लोणावळ्याहून राजमाचीला निघालो. तुंगार्ली तलाव मागे टाकला की उधेवाडीपर्यंत पंधराएक किलोमीटर कच्चा रस्ता, लाल माती, सुटे दगड, पावसाने कापलेल्या चरी. याच रस्त्यासाठी मी ही सायकल बांधून घेतली, आणि हे तुमच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, ‘सर, राजमाचीसाठी एकदम परफेक्ट बिल्ड आहे.’ हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चढावर मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्रावर साखळी करकरत होती. नवी आहे, बसेल हळूहळू, असं मी मनाला समजावलं. मग उतारावर मागचा ब्रेक लावला की कट-कट असा आवाज येऊ लागला. आणि उधेवाडी तीन-चार किलोमीटरवर असताना करवंदीच्या काट्याने मागचं चाक पंक्चर केलं.

ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट असतं आणि एवढंसं भोक ते आपोआप बुजवतं. माझ्या बिलात सीलंटच्या दोन बाटल्यांचे पैसे आहेत. टायर उघडला तर आत ट्यूब. कोरडी ठणठणीत, वर पावडर मारलेली.

पण त्याआधी चाक काढताना जे झालं ते महत्त्वाचं. अ‍ॅक्सल ओढला, चाक सुटलं आणि दोन्ही बाजूंनी एकेक कडी टपकन चिखलात पडली. तीन-तीन मिलिमीटरच्या कड्या. मित्राने विचारलं, ‘हे काय रे पडलं?’ मलाही क्षणभर कळेना. मग खिशातल्या टेपने हब मोजलं. 142.

म्हणजे 148 च्या फ्रेममध्ये तुम्ही 142 चं चाक घातलं आणि मधली सहा मिलिमीटरची फट दोन कड्यांनी भरली. खोलीला दार छोटं पडलं म्हणून दोन्हीकडून पुठ्ठा खोचावा, तसं.

आता रोटर. हब अरुंद असलं की रोटर तीन मिलिमीटर आत जातो आणि कॅलिपरशी, म्हणजे त्याला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याशी, त्याचा मेळ राहत नाही. तुमच्या कारागिराला हे कळलं, म्हणजे तो अडाणी नाही. त्याने सहाही बोल्टांवर रोटर आणि हबच्या मध्ये एकेक सुटा वॉशर घातला. पण बोल्ट जुनेच ठेवले, दहा मिलिमीटरचे. रोटरची जाडी जवळजवळ दोन, वॉशर तीनचा. हबच्या आट्यांत उरला पाच मिलिमीटरचा बोल्ट. अशी जोडणी करायचीच असेल तर एकसंध कडी आणि लांब बोल्ट वापरतात, हे मी तुम्हाला शिकवायचं का? मी चाक काढलं तेव्हा सहापैकी दोन बोल्ट गायब होते आणि तिसरा मी बोटांनी फिरवू शकत होतो. मागचा ब्रेक. राजमाचीच्या उतारावर. चार बोल्टांवर, त्यातला एक नावाला.

घरी येऊन बाकीचं तपासलं. कॅसेट 10-51 नाही, 11-50 आहे आणि दुसऱ्याच बनावटीची. का, ते आता उघड आहे. दहा दात्यांचं सर्वांत लहान चक्र जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसत नाही, त्याला मायक्रो स्प्लाइन पद्धतीचा फ्रीहब लागतो. शिमानोने तो 2018 मध्ये आणला. तुमच्या गोदामात पडून असलेल्या चाकावर जुना फ्रीहब होता, म्हणून त्यावर बसेल ती कॅसेट लावली आणि पावतीवर मात्र महागडीचे पैसे घेतले. चढावर साखळी करकरते तीही याच चाकामुळे : पुढचा क्रँक बूस्टच्या मापाचा, मागचं चक्र तीन मिलिमीटर आत, मग मोठ्या चक्रावर साखळी तिरकी जाणारच. ड्रॉपर पोस्टही 30.9 चा निघाला, भोवती शिम, म्हणजे पातळ पत्रा, गुंडाळलेला. म्हणजे वॉशरचा चुलतभाऊ.

यानंतर सात फोन. पहिल्या सहांबद्दल फार लिहीत नाही. दोनदा तिकीट क्रमांक मिळाला, दोन्ही वेगळे. एकदा फोटो मागवले, पाठवले, मग फोटो उघडत नाहीत असं कळवलं. एकदा ‘वरिष्ठ कॉल करतील’. वरिष्ठांनी अजून केलेला नाही. सायकल अंधेरीला आणून दाखवा, असं तीनदा सांगितलं. मुलुंडहून अंधेरीला ही सायकल आणायची तर लोकलच्या मालडब्यात पाट्या-टोपल्यांमध्ये उभं राहायचं नाहीतर नऊशे रुपयांचा टेम्पो करायचा. चूक तुमची आणि टेम्पो माझा?

आजचा फोन मात्र पूर्ण लिहितो, कारण तो मला रात्री झोपू देणार नाही. माझ्याकडे त्याचं ध्वनिमुद्रण आहे. ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं तुम्ही म्हणता, तर मीही गुणवत्तेसाठीच केलं.

सुरुवात हिंदीत झाली. मी मराठीत बोललो तर पलीकडचा तरुण आनंदाने मराठीवर आला, त्याबद्दल आभार. त्याने विचारलं, ‘सर, बाइक कुठे चालवली होती?’

‘राजमाचीला.’

‘सर, ते तर ऑफ-रोड झालं.’

‘माउंटन बाइक आहे.’

‘हो सर. पण वॉरंटीमध्ये ऑफ-रोड वापर कव्हर होत नाही.’

मी विचारलं, मग माउंटन बाइक चालवायची कुठे? तो थोडा थांबला. मनापासून विचार करत असावा. मग म्हणाला, ‘सर, बरेच कस्टमर सोसायटीत चालवतात. मरीन ड्राइव्हला पण संडेला खूप जण येतात.’

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या सोसायटीचं आवार म्हणजे दोन कारमधली मोकळी जागा. त्या जागेत 140 मिलिमीटरच्या फोर्कने मी काय करू? स्पीडब्रेकर पार करू?

मी शांत राहिलो. म्हटलं, वॉरंटी राहू द्या, चाकच चुकीचं आहे. 148 मागितलं, 142 दिलंत. त्यावर तो म्हणाला, ‘सर, सहा मिलिमीटरने काय फरक पडतो?’ मी सांगितलं काय फरक पडतो. रोटर, बोल्ट, साखळी, सगळं. वर लिहिलं आहे तसंच, जवळजवळ त्याच क्रमाने. तो ‘ओके सर, ओके सर’ करत होता. मी संपवल्यावर कीबोर्डचा आवाज आला आणि मग त्याने विचारलं :

‘सर, वजन किती आपलं?’

मला वाटलं सायकलचं विचारतोय. म्हटलं, साधारण चौदा किलो.

‘नाही सर. आपलं. स्वतःचं.’

‘ब्याऐंशी.’

पुन्हा कीबोर्ड. ‘आणि वय?’

‘सत्तेचाळीस.’

‘ओके सर. तर सर, वजनामुळे प्रेशर येऊन बोल्ट लूज झाले असणार.’

तुमच्याच पुस्तिकेत सायकलस्वाराची मर्यादा 120 किलो दिली आहे. मला ती गाठायला अजून अडतीस किलो कमवायचे आहेत, आणि तुमच्या ग्राहक सेवेमुळे ते जमेल असंही वाटत नाही, कारण पंधरा दिवस जेवण गोड लागलेलं नाही. बोल्ट सैल झाला कारण तो आखूड आहे. बोल्टाला वजन विचारा, मला नको.

मग त्याने मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं. संगीत, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग पुन्हा संगीत. परत आल्यावर म्हणाला, ‘सर, टेक्निकल टीम म्हणते की वॉशर हा स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे.’ मी म्हटलं, मग पावतीवर वॉशर का नाही लिहिले? आणि फोन ठेवला गेला. दोन मिनिटांनी मेसेज : आजच्या सेवेला 1 ते 5 पैकी किती गुण द्याल? शून्याची सोय नव्हती.

माझं म्हणणं असं. मागचं चाक बूस्ट 148 चं, मायक्रो स्प्लाइन फ्रीहबसह, दोन्हीकडे कड्या न घालता. 10-51 ची कॅसेट, जिचे पैसे घेतले तीच. 31.6 चा पोस्ट. टायर ट्यूबलेस, सीलंट भरून. नवे रोटर आणि नवे बोल्ट. सायकल माझ्या घरून न्यायची आणि घरी आणून द्यायची, टेम्पो तुमचा. हे जमत नसेल तर सायकल परत घ्या आणि 1,68,500 रुपये परत करा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस.

सोळाव्या दिवशी मी वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही, म्हणजे तुमच्या टेम्पोपेक्षा स्वस्त. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. आणखी एक सांगतो, धमकी समजा किंवा माहिती : माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. दर महिन्याला आमच्या हॉलमध्ये वाटप व्हायचं, आणि तूरडाळीचं पाकीट हातात घेऊनच ती सांगायची की कमी भरलं आहे. मी तिचाच मुलगा आहे. सहा मिलिमीटर मला दिसतात.

खरं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटतं आहे. मी दहावीत असताना वडिलांनी मला तुमचीच सायकल घेऊन दिली होती. दादरच्या तुमच्या दुकानातल्या माणसाने तेव्हा महागडा कॅरिअर विकायचं नाकारलं होतं. ‘या फ्रेमला हा बसत नाही, पुढच्या आठवड्यात या,’ एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात गेलो, बसणारा मिळाला. ती सायकल गावी भावाकडे आहे, अजून चालते. हार्डटेल घ्यायची ठरवल्यावर मित्रांनी दोन-तीन परदेशी नावं सुचवली होती. मी त्यांना नाही म्हटलं, ते या कॅरिअरमुळे. आणि ‘राजमाचीसाठी एकदम परफेक्ट बिल्ड’ म्हणणाऱ्या तुमच्या माणसाकडे पाहून मला क्षणभर तोच दादरचा माणूस दिसला होता.

सोबत : पावतीची प्रत, ऑर्डर फॉर्मची प्रत, बारा छायाचित्रं (यावेळी कागदावर छापून, म्हणजे उघडतील).

तुमचा ग्राहक,
मुलुंड (पश्चिम), मुंबई 400080

ता. क. : दोन कड्यांपैकी एक चिखलातून शोधून आणली आहे, दुसरी अजून राजमाचीच्या वाटेवर आहे. सापडलेली कडी आणि बोटांनी फिरणारा तो बोल्ट सोबत पाठवत नाही. आयोगापुढे लागतील.